झाडाच्या रसाचा पाक : मेपलचे गणित बर्चला का लागू पडत नाही?

काहील

सात हंगाम मेपलच्या रसाचा पाक केल्यावर मला वाटू लागले होते की रस आटवणे म्हणजे काय, ते आपल्याला कळले आहे. मागच्या दोन हंगामांत बर्चचा रस आटवायला घेतला आणि ही समजूत दोन्ही वेळा चुलीवरच मोडली. पहिल्या वर्षीचा पाक पातळ राहिला आणि महिनाभरात बाटल्यांमध्ये फसफसू लागला. दुसऱ्या वर्षी मी तो जास्त आटवायला गेलो, तर शेवटच्या पाच मिनिटांत तो खाली लागला आणि साठ लिटर रसाची मेहनत कडू झाली. मेपलसाठी जे आकडे पाठ झाले आहेत, ते दुसऱ्या झाडाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, एवढे आता उमगले आहे. मात्र का लागू पडत नाहीत आणि त्याऐवजी काय करावे, हे नीट समजून घ्यायचे आहे. म्हणून हा धागा काढला आहे.

तुलनेसाठी माझी मेपलची रीत आधी सांगतो. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असे दिवस हिवाळ्याच्या शेवटी सुरू झाले की शुगर मेपलच्या खोडाला आठ मिलिमीटरच्या गिरमिटाने चार-पाच सेंटिमीटर खोल, किंचित वर चढते भोक पाडायचे, म्हणजे रस आपोआप बाहेर ओघळतो. त्यात तोटी बसवायची आणि खाली झाकणाचे भांडे टांगायचे. भोक पाडताना निघणारा भुसा फिकट, ओलसर असेल तर जागा जिवंत आहे. तपकिरी निघाला तर तिथे जुनी जखम आहे असे समजून जागा बदलायची. रस दिसायला निव्वळ पाणी असतो. त्यात साखर साधारण दोन टक्के असते. ८६ ला साखरेच्या टक्केवारीने भागले की एक लिटर पाकासाठी किती लिटर रस लागेल ते मिळते, हा या कामातला जुना आणि उपयोगी नियम. दोन टक्क्यांना त्रेचाळीस लिटर होतात.

पसरट, उथळ भांड्यात तो सणसणीत जाळावर उकळत ठेवायचा. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा चार अंश सेल्सिअस वर तापमान गेले की पाक झाला. तेव्हा त्यात ६६-६७ टक्के साखर असते. डाव उचलून आडवा धरला की थेंब सुटे पडत नाहीत, कडेला एकमेकांत मिसळून पदरासारखे लोंबतात आणि मग तुटतात. ही खूण मी तापमापकाइतकीच मानतो. गरम असतानाच लोकरीच्या जाड गाळण्यातून गाळायचा, कारण आटताना रसातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट, बारीक वाळूसारखे खाली बसतात. ८५ अंशांच्या आसपास असतानाच बाटल्या भरून टाकायच्या.

बर्चलाही मी हेच सारे केले. चुकले कुठे?

तापमापक

तुमचा पहिल्या वर्षीचा पाक पातळ का राहिला, याचे उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. चार अंशांचा नियम हा मेपलच्या साखरेचा नियम आहे.

मेपलच्या रसातली साखर जवळजवळ सगळी सुक्रोज, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली साखर असते. बर्चच्या रसात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. सुक्रोजचा एक रेणू या दोन लहान साखरा जोडून बनलेला असतो, त्यामुळे वजनाने तेवढीच साखर घेतली तर बर्चच्या पाकात रेणूंची संख्या जवळजवळ दुप्पट भरते. उकळबिंदू किती वर चढेल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते, त्यांच्या वजनावर नाही. म्हणून मेपलचा पाक जिथे तयार होतो त्या तापमानाला बर्चचा पाक पोहोचतो तेव्हा त्यात अजून बरेच पाणी शिल्लक असते. तुम्ही चार अंशांवर थांबलात तेव्हा पाक अर्ध्या वाटेवर होता, आणि तेवढ्या पाण्यात यीस्टला वाढायला पुरेशी जागा मिळाली. बाटल्या फसफसल्या त्या यामुळे.

तेव्हा बर्चच्या बाबतीत तापमानावर विसंबू नका, घनता मोजा. हायड्रोमीटर (पाकात तरंगवून घनता वाचायची नळी) किंवा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर दाखवणारे उपकरण) यांपैकी काहीही चालेल, पण हायड्रोमीटरवर ज्या तापमानाचा आकडा कोरलेला असतो त्या तापमानालाच वाचन घ्या, नाहीतर गरम पाक आहे त्यापेक्षा पातळ दिसतो आणि आपण विनाकारण आटवत बसतो.

एक गोष्ट मेपलच्या बाबतीतही सांगावीशी वाटते. पाण्याचा उकळबिंदू उंचीप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो, वादळी हवेत तो एका दिवसातही हलतो. म्हणून ज्या दिवशी पाक करायचा त्या दिवशी आधी साधे पाणी उकळून त्याच तापमापकाने वाचन घ्यावे आणि चार अंश त्यात मिळवावेत. कागदावरचा १०४ हा आकडा सगळीकडे खरा नसतो.

भूर्जपत्र

करपण्याबद्दल मी सांगतो, कारण या झाडाने माझीही भांडी पुष्कळदा काळी केली आहेत. माझे नाव पाहून लक्षात आलेच असेल की मला या झाडाचा लळा आहे. ज्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या तो भूर्जवृक्ष आणि हा बर्च एकाच कुळातले.

फ्रुक्टोज ही लवकर करपणारी साखर आहे. ती ११० अंशांच्या आसपासच तपकिरी होऊ लागते, तर सुक्रोजला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. त्यात वर तापमापक यांनी सांगितल्याप्रमाणे बर्चचा पाक चढत्या तापमानालाच तयार होतो, म्हणजे तो तयार होण्याची वेळ आणि करपण्याची वेळ यांत अंतर उरत नाही. मेपलच्या सणसणीत जाळावर भांड्याच्या बुडाशी असलेला पातळ थर तर पाकाच्या सरासरी तापमानाहूनही तापलेला असतो.

माझी रीत अशी आहे. बर्चच्या रसात साखर जेमतेम अर्धा ते दीड टक्का असते. तुमच्याच नियमाने पाहिले तर पाऊण टक्क्याच्या रसाला एक लिटर पाकामागे ११५ लिटर रस आटवावा लागतो. एवढा वेळ चुलीवर राहिलेला रस आपोआपच काळा आणि कडवट होतो. म्हणून मी आधी रिव्हर्स ऑस्मोसिसच्या यंत्रातून पाणी काढून घेतो. साधे गणित आहे : दोन टक्क्यांचा रस आठ टक्क्यांवर आणला तर त्रेचाळीस लिटरपैकी बत्तीस लिटर पाणी चूल न पेटवताच जाते. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी रस थंडीत उघड्यावर ठेवून वर जमलेला बर्फ काढून टाकावा. बर्फासोबत थोडी साखर जाते, पण पाणी त्याहून कितीतरी अधिक जाते. बर्चचा हंगाम मात्र उशिरा, उबेत येतो, त्यामुळे हा उपाय मेपलला जितका साधतो तितका बर्चला साधत नाही.

त्यानंतर पहिला टप्पा उकळून करायला हरकत नाही. रस साधारण तीस-चाळीस टक्क्यांवर आला की मी तो मोठ्या भांड्यातून जाड बुडाच्या लहान भांड्यात घेतो, ते भांडे दुसऱ्या पाण्याच्या भांड्यात ठेवतो आणि उरलेले पाणी उकळी न आणता, पंख्याच्या वाऱ्यावर नुसत्या वाफेने उडू देतो. याला अर्धा दिवस लागतो. या अर्ध्या दिवसात भांड्यापासून दूर जाऊ नये. शेवटी रंग लालसर काळा होतो, आणि चवीत गोडव्याच्या मागे आंबटपणा व मळीसारखा एक जड सूर येतो. मेपलची चव मनात धरून जो तो चाखेल त्याची निराशा होईल. अलास्का, फिनलंड, स्वीडन, रशिया अशा उत्तरेकडच्या प्रदेशांत बर्चचा रस वापरला जातो, आणि पाकाचे स्थान तिथे मधाशेजारी नसून भाजलेल्या आणि मुरवलेल्या पदार्थांत अधिक आहे.

नवअंकुर

मी यंदाच पहिल्यांदा भोके पाडली आहेत. मेपलला रात्रीचा गारठा लागतो आणि बर्चला लागत नाही, असे वाचले. एकाच अंगणातल्या दोन झाडांत असा फरक का असावा?

काहील

कारण दोघांचा रस वेगवेगळ्या जोराने बाहेर येतो. मेपलचा जोर खोडात आहे. त्याच्या लाकडातले आधार देणारे तंतू पाण्याने नव्हे, वायूने भरलेले असतात. रात्री गोठताना तो वायू दबतो, विरघळतो, बर्फात कोंडला जातो आणि खोडात पाणी खेचले जाते. सकाळी बर्फ वितळला की कोंडलेला वायू पसरतो आणि रसावर दाब येतो. तेव्हा भोक असेल तर रस तिथून बाहेर पडतो. कापून वेगळा केलेला मेपलचा ओंडकासुद्धा गोठवून वितळवला तर रस गाळतो, त्याला मुळांची गरज नसते. म्हणूनच सलग ऊब किंवा सलग गारठा पडला की मेपलची तोटी कोरडी पडते.

बर्चचा जोर मुळांत आहे. जमीन मोकळी झाली की मुळे क्षार आणि साखर आत सोडतात, त्यामागे पाणी आत येते आणि रस खालून वर ढकलला जातो. त्यामुळे बर्चचा रस रात्रंदिवस वाहतो, मेपलचा हंगाम संपता संपता सुरू होतो आणि दोन-तीन आठवड्यांत, पाने फुटू लागली की, गढूळ होऊन थांबतो. एक भांडे दोन्ही हंगामांना पुरते, ही त्यातली सोय.

मेपलच्या शेवटाचीही खूण सांगतो. कळ्या फुगू लागल्या की रसातल्या अमिनो आम्लांचे प्रमाण बदलते, आणि आटवलेल्या पाकाला एक खवट, भाजीच्या देठासारखा वास येतो. तो कितीही गाळून जात नाही. रेड मेपल आणि सिल्व्हर मेपल यांच्या कळ्या शुगर मेपलच्या आधी फुगतात आणि त्यांच्या रसात साखरही कमी असते. पाक चांगला होतो, पण हंगाम आखूड.

अक्रोडी

मी काळ्या अक्रोडाच्या रसाचा पाक करते. त्याचा रस मेपलप्रमाणेच गोठण्या-वितळण्यावर वाहतो आणि साखरही मेपलइतकीच असते, म्हणून आकड्यांच्या दृष्टीने ते मेपलच्या सर्वांत जवळचे झाड आहे. तरी दोन गोष्टी वेगळ्या पडतात.

पहिली गोष्ट लाकडाची. अक्रोडात बाहेरचे फिकट, पाणी वाहणारे लाकूड फार अरुंद असते आणि आतला गडद गाभा मोठा. पाच सेंटिमीटर खोल गिरमिट घातले तर ते गाभ्यात शिरते, तिथे रस नाही. मी पहिल्या वर्षी हेच केले आणि दोन आठवडे रिकामी भांडी पाहत बसले. आता भुशाचा रंग गडद होताच हात थांबवते. रस एकूणच मेपलहून कमी येतो.

दुसरी गोष्ट गाळण्याची. अक्रोडाच्या रसात पेक्टिन असते, जे आपण मुरंब्याला घट्टपणा आणणारे द्रव्य म्हणून ओळखतो. आटवलेला पाक गाळणीवर ओतला की बुळबुळीत थर बसतो आणि पाक थेंब थेंब करतही उतरत नाही. यावर मी केलेला उपाय म्हणजे घाई न करणे : अर्धवट आटवलेला रस रात्रभर स्थिर ठेवायचा, वरचा निवळ भाग अलगद ओतून घ्यायचा आणि गाळण्यांचे थर दोन-तीन ठेवून वरचा थर तुंबला की काढून टाकायचा. बुडाशी राहिलेला जेलीसारखा थर चवीला उत्तम असतो, तो मी टाकत नाही. चव अतिशय मऊ, थोडी लोण्याची, थोडी अक्रोडाची.

एक सूचना मात्र ठळकपणे करते. ज्यांना अक्रोडाची किंवा तत्सम कठीण कवचाच्या फळांची ॲलर्जी आहे त्यांना हा पाक देऊ नये, आणि बाटलीवर झाडाचे नाव लिहिल्याशिवाय ती कोणाला भेट देऊ नये.

वार्षिकवर्तुळ

पाकाबद्दल सगळे बोलत आहेत, मला झाडाच्या बाजूने बोलायचे आहे. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमी लाकूड दुरुस्त करत नाही; ते त्याला भिंती घालून वेगळे पाडते आणि त्यावर नवे लाकूड वाढवते. अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून ही गोष्ट दाखवली आणि १९७७ मध्ये तिची रीतसर मांडणी केली. तोटीच्या भोकाच्या वर आणि खाली लाकडात एक लांबट, अरुंद डाग तयार होतो. त्या डागातून पुन्हा कधीही पाणी वाहत नाही. म्हणून नवे भोक जुन्याच्या बरोबर वर किंवा खाली कधी पाडू नये, पाच-सहा सेंटिमीटर बाजूला सरकावे आणि उंचीही बदलावी. पूर्वी अकरा मिलिमीटरची भोके पाडत असत. आठ मिलिमीटरचे भोक लवकर बुजते.

खोडाचा व्यास तीस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते झाड सोडून द्यावे. दुसरी तोटी पंचेचाळीसच्या पुढेच. हंगाम संपला की तोटी काढून भोक उघडे ठेवावे. त्यात खुंटी ठोकणे, मेण किंवा रंग भरणे यांनी ओल आत कोंडते.

आणि इथेही मेपलचे गणित बर्चला लावू नये. शुगर मेपल भिंती घालण्यात समर्थ आहे, बर्च दुबळा. त्याच्या खोडात डाग लांबवर पसरतो आणि कूज लवकर शिरते. मी बर्चला एक वर्ष तोटी आणि निदान एक वर्ष विश्रांती असा क्रम ठेवतो, आणि ज्याच्या शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या आहेत अशा झाडाला हात लावत नाही.

शिंदीवन

या चर्चेत ताडकुळातली झाडे आली नाहीत, ती आणतो, कारण जखमेचा मुद्दा तिथे पूर्णच उलटा होतो.

मेपल, बर्च, अक्रोड यांचा रस जलवाहिन्यांतला, मुळांकडून वर चढणारा आहे. ताड, माड, शिंदी यांचा रस रसवाहिन्यांतला, पानांनी तयार केलेली साखर वाहून नेणारा. म्हणून त्यात साखर दोन टक्के नसून दहा ते पंधरा टक्के असते आणि एक लिटर पाकाला सात-आठ लिटर रस पुरतो. पण तो उबदार हवेत निघतो, आणि निघाल्या क्षणापासून आंबू लागतो. नीरा काही तासांतच माडी होते, हे आपल्या भाषेतले दोन शब्दच सांगतात. मडक्याला आतून चुना लावतात तो आंबणे रोखण्यासाठी. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा बेटावर तिथल्या खजुरीच्या शेंड्यातून रात्री रस जमा करतात, ऊन चढण्याआधी उतरवतात आणि लगेच आटवून गडद पाक करतात.

बंगालमध्ये शिंदीच्या खोडाला शेंड्याजवळ एका बाजूने तासतात, पुढच्या वर्षी समोरच्या बाजूने. या झाडांच्या खोडाला वर्षागणिक नवे लाकूड चढत नाही, त्यामुळे खाच बुजत नाही. जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते आणि त्याच्या खाचा मोजून किती हंगाम रस काढला ते सांगता येते. या कुळात शेंड्याचा कोंब एकच असतो. तो दुखावला की झाड गेले. चिलीतल्या ताडाचा रस तर झाड पाडूनच काढत. १८३४ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी तिथे पाहिलेली गोष्ट नोंदवली आहे : झाड उतारावर शेंडा वरच्या बाजूला येईल असेच पाडावे लागे, आणि शेंड्याकडून रोज सकाळी एक पातळ चकती कापली की रस महिनोन् महिने वाहत राही, एका चांगल्या झाडातून ९० गॅलनपर्यंत. एका पाकासाठी शंभर वर्षांचे झाड, हा व्यवहार मला मान्य होत नाही. तोटीच्या भोकाकडे मी त्यामुळे अधिक आदराने पाहतो.

नवअंकुर

खूप माहिती मिळाली, आभार. मग ज्या झाडातून रस गळतो त्या कोणत्याही झाडाचा पाक करता येईल का?

वार्षिकवर्तुळ

नाही, आणि हा प्रश्न आपण भोक पाडण्याआधी विचारलात याचा आनंद आहे. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडातून निघते ती राळ, वड-रबरातून निघतो तो चीक. या दोन्हींचा पाकाशी संबंध नाही. कण्हेरीसारखी झाडे सर्वांगाने विषारी असतात, आणि चेरीच्या कुळातल्या झाडांच्या सालीत व पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. आटवण्याने साखर जशी चाळीस पट होते तसे विषही होऊ शकते. म्हणून ज्या जातीचा रस माणसे पिढ्यान् पिढ्या पीत आली आहेत तिचाच घ्यावा : मेपलच्या अनेक जाती, बर्च, अक्रोड. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात जिथे शुगर मेपल वाढत नाही तिथे बॉक्स एल्डर ही मेपलचीच जात वापरतात, प्रशांत किनाऱ्याकडे बिगलीफ मेपल. हिवाळ्यात पानांवरून झाड ओळखता येत नाही. म्हणून उन्हाळ्यातच पाने पाहून खोडावर खूण बांधून ठेवावी.

तापमापक

भांड्यांबद्दलही एक वाक्य जोडतो. जुन्या बादल्या आणि काहिलींच्या सांध्यांना पूर्वी शिशाचे डाग देत असत, आणि आम्लधर्मी रस ते शिसे ओढून घेतो. स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीचे प्लॅस्टिक वापरा. रस दुधासारखा नासतो, चार अंशांखाली ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी आटवा. रसातले सूक्ष्मजीव सुक्रोज तोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात, त्यामुळे शिळ्या रसाचा मेपल पाकही गडद होतो.

काहील

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण बर्चचा हंगाम काल संपला. रस शेवटच्या दिवशी ताकाच्या निवळीसारखा दिसू लागला तेव्हा तोट्या काढल्या.

सहा झाडांपैकी ज्या तिघांना गेल्या वर्षी भोके होती त्यांना विश्रांती दिली. उरलेल्या तिघांचा मिळून सत्तर लिटर रस आला, रिफ्रॅक्टोमीटरवर ०.९ टक्का. बहुतेक पाणी उकळून काढले. चार अंशांची खूण ओलांडली तेव्हा मुद्दाम थांबून घनता मोजली : ५१ टक्के. पहिल्या वर्षी मी नेमका इथेच बाटल्या भरल्या होत्या. पुढे भूर्जपत्र यांनी सांगितल्याप्रमाणे भांड्यात भांडे ठेवून पंखा लावला आणि सात तास बसून राहिलो. डावावरून पदर सुटला तो ६७ टक्क्यांना, पण मेपलचा पदर रुंद असतो तसा नव्हता, अरुंद आणि संथ होता. ती खूण वहीत वेगळी लिहून ठेवली आहे.

पाऊण लिटरहून थोडा कमी पाक झाला. उजेडात धरला तर लाल, एरवी काळा. करपल्याचा कडूपणा नाही. आधी आंबटगोड लागतो आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला जांभळासारखा तुरटपणा राहतो. एक बाटली बाहेरच ठेवली आहे, फसफसते का ते पाहायला. महिन्याने इथेच कळवीन.